मोरपिंपळ्याची दांडी

नगरहून निघताना माझी ट्रंक मागच्या दाराने बाहेर पडली. टांगा पुढच्या दारी उभा होता, पण पुढच्या दाराने आम्ही जात-येत नाही. ते सामाईक ओट्यावर उघडतं, ओट्यावर माझे थोरले बंधू नाना सुपारी कातरत बसलेले असतात, आणि नानांशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही. तेव्हा मागचं दार, मग बोळ, मग तेल्याच्या घाण्याला वळसा, मग शिंप्याचं दुकान, आणि मग टांगा. ट्रंक खांद्यावर घेऊन मी हा वळसा पुरा केला तेव्हा नाना माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. यात वाचकांना काही विचित्र वाटू नये. कारण मोठं आहे आणि ते इथे सांगण्यासारखं नाही.

मी निघालो होतो मोगलाईत, बीडच्या मुलखात, मोरपिंपळा नावाच्या गावी. तिथे आमची आक्का दिली आहे. आक्का नानांहून धाकटी आणि माझ्याहून मोठी. तिच्या गोदाचं लग्न माघात ठरलं. गोदा लहानपणी दोन वर्षं माझ्याकडे नगरला होती, मी तिला लिहायला-वाचायला शिकवलं. त्या मुलीने पत्रात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की मामाने हाताला धरून बोहल्यावर आणल्याशिवाय मी उभी राहणार नाही. असंच पत्र नानांनाही आलं होतं. पोस्टमनने एक ओट्यावर टाकलं आणि दुसरं बोळातून येऊन माझ्या हाती दिलं. मी जाणार हे कळल्यावर नाना जाणार नाहीत, हे उघडच होतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे प्रवासाला निघताना मी नकाशा घेतो. मोगलाईचा छापील नकाशा आणि आक्काची जुनी पत्रं समोर ठेवून मी शिरूर ते मोरपिंपळा असा एक खास नकाशा काढला होता. त्यात ओढे निळ्या शाईने होते. नवरीची पिवळी साडी, मुंडावळ्या आणि हा नकाशा, एवढा ऐवज ट्रंकेत होता.

पाथर्डीपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, धूळ सोडून. पाथर्डीपुढे डोंगर लागतो, डोंगर उतरलं की आपला मुलूख संपतो आणि निजामाचा सुरू होतो. जमीन तीच, बाभळी त्याच, फक्त मध्ये करोडगिरीचा नाका (मालावरची जकात घेणारी चौकी) लागतो. तिथल्या कारकुनाने ट्रंक उघडायला लावली. साडी बघून त्याने मान डोलवली, मुंडावळ्या बघून हसला, आणि नकाशा बघून गंभीर झाला.

"हे कावून आणलं?"

"रस्ता कळावा म्हणून."

"रस्ता तर गाडीवानाला ठाव हाय की." त्याने नकाशा उलटा धरून बघितला, मग आडवा धरून बघितला. "अन् गाडीवानाला ठाव न्हाई तर ह्या कागदाला कुठून ठाव असंल?"

त्याने कीव आल्यासारखा नकाशा परत दिला.

शिरूर कासारला संध्याकाळी पोचलो. गाव कोरडं, पण माणसं ओली. धर्मशाळेशेजारच्या घरातून न मागता बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाला कुटून केलेली) आली. आमटी अशी झणझणीत की मी नाक पुसत पुसत तीन वाट्या प्यालो. यजमानांना वाटलं, पाव्हण्याला घरची आठवण येऊन रडू आलं. त्यांनी माझी समजूत काढली आणि चौथी वाटी वाढली.

सकाळी रखमाजी नावाच्या गाडीवानाची बैलगाडी ठरवली. हा हाडकुळा, मिशाळ माणूस, बैलांशी जास्त बोलणारा आणि माणसांशी कमी. लग्न त्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर. म्हणजे दिवस मावळायच्या आत मला पोचायचं होतं. माझ्या नकाशाप्रमाणे भर दुपारी पोचून मी जेवून झोपलोसुद्धा असतो.

दुपारच्या सुमाराला एका लिंबाच्या झाडापाशी रस्ता फुटला. एक सरळ समोर जात होता, दुसरा डावीकडे डोंगराच्या अंगाने. रखमाजीने काही न विचारता बैल डावीकडे वळवले.

"अहो, सरळ चला," मी म्हणालो. "मोरपिंपळा समोर आहे. एक कोस."

"व्हय, समोरच हाय."

"मग वळता कशाला?"

"तिकून कोणी जात न्हाई. वळश्यानं पाच कोस पडतं. झपाझप गेलो तर दिस मावळायच्या आत पोचतो."

"पण सरळ का जात नाही?"

रखमाजीने थोडा विचार केला. "दांडी हाय ना," तो म्हणाला, आणि एवढ्यात सगळं आलं अशा समाधानाने बिडी काढली.

मी नकाशा उघडून त्याच्यापुढे धरला. दोन ठिकाणांमधली सरळ रेघ सर्वांत जवळची असते, हे मी वीस वर्षं शिकवत आलो आहे आणि त्याला तिथे पुन्हा शिकवलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, तुमचं म्हणणं लई बरोबर हाय. पर तिकून कोणी जात न्हाई." मग मी आवाज चढवला. भाचीचं लग्न, मामा, मुहूर्त असं सगळं काढलं. त्याने खांदे उडवले आणि गाडी सरळ घातली. बैलांनी मात्र दोनदा मागे वळून बघितलं.

अर्ध्या तासात गाव दिसू लागलं. मारुतीचं देऊळ, त्यामागे घरं, आणि घरांपुढे आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव. सनईसुद्धा ऐकू येत होती. आणि गावाच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, रस्त्यात आडवी दांडी होती.

दोन्ही बाजूंना एकेक खांब, आणि त्यांवर एक लांब सागवानी वासा. त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला आणि दुसऱ्याला खांबाशी गुंडाळलेला दोर. दोर सोडला की वासा वर जावा, अशी साधी रचना. वाशाला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि हिरव्या बांगड्या टांगलेल्या होत्या. खांबाच्या डावीकडे मोकळं रान, उजवीकडे मोकळं रान. कुंपण नाही, खंदक नाही. माझ्या समोर एक शेळी वाशाखालून गेली, पलीकडचा पाला खाल्ला आणि परत आली.

बाजूला ज्वारीच्या शेताच्या कडेला आगटी (हुरडा भाजायचा विस्तव) पेटलेली होती. तिथून एक म्हातारा उठून आला. डोक्याला जुनं सरकारी फडकं, हातात काठी, चेहरा अतिशय प्रेमळ. हा पहारेकरी चाँदखाँ. त्याने आधी मूठभर गरम हुरडा माझ्या हातात दिला आणि मग म्हणाला, "नक्को साहेब. रस्ता बंद हाय."

"कशासाठी बंद?"

"पलेगसाठी."

"प्लेग कुठे आहे?"

"न्हाई ना! अल्ला की मेहरबानी, दांडी बसल्यापून न्हाई."

हळूहळू मला कळलं ते असं. फार मागे, प्लेगच्या साथीत, कोणा अंमलदाराने घोड्यावरून येऊन इथे दांडी घालायला सांगितली. शिरूरकडून येणाऱ्याला अडवायचं आणि दहा दिवस शेजारच्या खोपटात बसवायचं. चाँदखाँचा बाप पहाऱ्यावर बसला. साथ गेली. अंमलदारही बदलून गेला. दांडी काढायचा हुकूम काही आला नाही. बाप वारला, चाँदखाँ बसला. सरकारातून कोणी काही देत नाही, पण गाव सुगीला त्याला धान्य घालतं. पहिली दांडी बाभळीची होती, तिला वाळवी लागली. गावाने दुसरी बसवली, तीही वाळवीने खाल्ली. मग गावाने ठराव करून सागवान आणलं आणि या तिसऱ्या दांडीची हलगी लावून मिरवणूक काढली.

"पण तुम्ही स्वतः घरी जेवायला जाता, ते कुठून?"

"दांडीखालून. मी तर पहारेकरी हाय साहेब."

"आणि गावातले लोक शेतावर येतात ते?"

"ते गावचेच हायत. त्येंला कुठं पलेग हाय?"

"आणि शिरूरचा माणूस पाच कोस वळसा घालून आला, तर त्याला नाही का प्लेग?"

चाँदखाँ लहान मुलाला समजवावं तसा हसला. "पाच कोस चालला की माणूस आपसूक हवेशीर होतो."

मी रखमाजीकडे बघितलं. तो मान डोलवत होता. बैलसुद्धा समाधानी दिसत होते. तेव्हा मला शंका आली की मी येसराची आमटी जास्त प्यालो आणि मला भलतंसलतं ऐकू येतं आहे. भूगोलात असं काही नाही. मला राग आला आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, भांबावल्यासारखं झालं. मी ट्रंक उचलली, खांबाच्या उजव्या बाजूने चार पावलं रानातून टाकली आणि पलीकडच्या रस्त्यावर उभा राहिलो.

"हे बघा," मी म्हणालो, "आलो."

चाँदखाँने दोन्ही हात कानांवर ठेवले. मी गावाकडे चालू लागलो.

मारुतीच्या देवळापाशी आंब्याचे टाळे (डहाळ्या) घेऊन चाललेल्या दोन बायांनी मला बघितलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्यामागच्या रस्त्याकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. टाळे टाकून त्या पळाल्या. सनई थांबली. माणसं आली, पण दहा हातांवर उभी राहिली. त्यांत आमचे दाजी होते, म्हणजे आक्काचे यजमान. डोक्याला नवा फेटा आणि तोंडावर घाम. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ होते, ते मुलाचे वडील, तेलगावकडचे. त्यांच्या मिशीला आणि बोलण्याला सारखाच पीळ होता.

"दाजी!" मी आनंदाने हात पसरले.

दाजी दोन पावलं मागे सरकले. "बापू, तुमी कुठून आलात?"

"नगरहून."

"तसं न्हाई. कोन्या रस्त्यानं?"

मी मागे बोट दाखवलं. गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला.

"तिकून कोणी येत न्हाई," दाजी अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले.

"पण मी आलोय ना! दिसतोय ना मी?"

"दिसताय, पर..." त्यांनी व्याह्यांकडे बघितलं.

व्याही पुढे झाले. "मास्तर, आमी परवा आलो. वळश्यानं. नवरदेवाच्या गाडीचं चाक मोडलं, वाजंत्रीवाला ओढ्यात पडला, माझ्या आईनं, वय ऐंशी, दगडावर बसून शिव्या दिल्या. तरी आमी वळश्यानंच आलो. अन् तुमी सरळ यावं?"

"तुम्हीही सरळ यायचं होतं!"

या वाक्याने भलतंच झालं. व्याह्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांची दया आली. इतक्या हालांना काहीच अर्थ नव्हता, असं कोणी भर गर्दीत सांगितलं तर माणूस काय करणार? ते लालबुंद झाले. "ह्ये हिथं मांडवात पाय ठेवणार असतील, तर आमचं वऱ्हाड उठलं," ते म्हणाले. "आमच्या गावी पलेग घेऊन कसं जावं?"

मी सगळ्यांना उद्देशून विचारलं की आसपासच्या ज्या गावांना दांडी नाही, तिथे तरी प्लेग आला का. नाही, सगळे म्हणाले. मग? एक पोक्त माणूस शांतपणे म्हणाला, "त्येंला आमच्या दांडीचा फायदा झाला." लोकांनी त्याच्याकडे अभिमानाने बघितलं.

मला दोन वाटा होत्या. दहा दिवस खोपटात बसायचं, किंवा दांडीपलीकडे परत जाऊन वळशाने यायचं. दिवस कलला होता. पाच कोस गाडीने म्हणजे पोचेपर्यंत अंधार, मुहूर्त टळलेला. दहा हातांचं अंतर राखून गाव मला परत दांडीशी पोचवायला आलं. मी ट्रंक घेऊन पुढे, मागे फेटेवाले, त्यांच्यामागे पोरंटोरं. चाँदखाँने तोवर खोपट झाडून ठेवलं होतं. छप्पर नव्हतंच. आत शेळ्या राहत, त्यांना त्याने बाहेर काढलं होतं.

"बापाच्या वख्ताला तीन जण बसले होते," तो हळवा होऊन म्हणाला. "माझ्या वख्ताला तुमीच पयले."

मी दांडीपलीकडे दगडावर बसलो. शंभर पावलांवर मांडव दिसत होता आणि मी ज्या कामासाठी तीन दिवस धूळ खाल्ली ते काम माझ्यावाचून होणार होतं. मला राग येत नव्हता. गोदा काय म्हणेल, एवढंच डोक्यात होतं. डोळे भरून आले, आणि या वेळी आमटीचा काही संबंध नव्हता.

गोदा आली. साध्या साडीत, हळदीच्या अंगाने, मागे रडत येणारी आक्का आणि घाबरलेल्या चारपाच बाया. नवरीने असं बाहेर पडायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. ती थेट दांडीशी येऊन उभी राहिली आणि मला बघून हसली.

"मामा, साडी आणली?"

मी ट्रंक उघडून साडी आणि मुंडावळ्या दांडीवर ठेवल्या. तिने त्या उचलल्या. साडीला मात्र प्लेगची कोणी शंका घेतली नाही.

"पोरी, चल घरी," दाजी म्हणाले. "मुहूर्त टळंल. मामाच्या जागी तुझा चुलता उभा राहील."

"मी न्हाई राहत उभी."

"मग काय करायचं? दांडी का हालवायची?"

"दांडी न्हाई हालत," गोदा म्हणाली, "तर बोहलं हालवा. लगीन हिथं लावा."

वाटलं, आता मोठी रणधुमाळी होणार. पण सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग असं पयलंच कावून न्हाई सांगितलं?"

पुढच्या तासाभरात जे बघितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. गावातल्या चाळीस माणसांनी मांडवाचे खांब उपटले. आंब्याच्या डहाळ्या आल्या, बोहल्याच्या विटा आल्या, पाट आले, भाताची पातेली चुलवणावरून उचलून वाफाळत आली. व्याह्यांच्या आईला खाटेसकट आणलं, तिने सगळ्यांना नव्याने शिव्या दिल्या. माणसं घामाने निथळत होती आणि आनंदात होती. दांडीचा दोर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. एका हाताने सोडला असता तर काम भागलं असतं. मी एकदा त्याच्याकडे बघितलं. चाँदखाँने माझ्याकडे बघितलं. मी हात खिशात घातला.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा बोहलं दांडीला खेटून तयार होतं. गोदाचा हात धरून मी दांडीच्या या अंगाने चालत आलो आणि ती त्या अंगाने, वासा आमच्या मध्ये. मग ती पाटावर उभी राहिली आणि मी वाशावरून हात पुढे करून तिच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. अक्षता माझ्या अंगावर पडल्या, शेळ्यांच्या अंगावर पडल्या. ज्यांना माझ्या प्लेगची धास्ती होती ती सगळी माणसं माझ्या तोंडाजवळ तोंड आणून टाळ्या वाजवत होती. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली आणि गोदा वळली. नमस्कारासाठी ती वाकली, तेव्हा तिचं डोकं वाशाखालून माझ्या बाजूला आलं आणि माझ्या पायांना लागलं. चाँदखाँ आभाळाकडे बघू लागला.

मागाहून मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "डोकं येतं-जातं साहेब. हुकूम पायांचा हाय."

पंगत दांडीच्या दोन्ही बाजूंना बसली. माझ्या बाजूला मी, रखमाजी आणि चाँदखाँ. गोदा वाढायला आली तेव्हा जिलेबी पानात ठेवून हळूच म्हणाली, "नानामामा कावून न्हाई आला?"

"त्यांना काम होतं."

"तुमचं अजून बोलणं न्हाई?"

"नाही."

"कावून?"

मी तोंड उघडलं. वीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस मी. रहाटाचं काही तरी झालं होतं. का पडवीच्या भिंतीचं? नाना काही तरी बोलले होते, का मीच बोललो होतो? मी तोंड उघडंच ठेवून बसलो. गोदाने त्यात जिलेबीचा तुकडा घातला आणि पुढे गेली.

रात्र खोपटात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीने गाडी जुंपली आणि आम्ही लिंबापर्यंत मागे जाऊन पाच कोसांचा वळसा घातला. ओढ्यात गाडी रुतली, मी चिखलात उतरून ती ढकलली, माझी एक वहाण तिथेच राहिली. दुपारी दुसऱ्या बाजूने गावच्या वेशीत शिरलो, तर हलगी वाजत होती. दाजींनी कडकडून मिठी मारली. आक्काने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पदर डोळ्यांना लावला. "बापू, एक दिस उशीर केलास रे. भाचीच्या लग्नाला मामा न्हाई!"

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती थट्टा करत नव्हती. व्याहीही जवळ आले, त्यांनी माझे हात हातात घेतले. "मास्तर, लग्नात तुमची लई उणीव भासली," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरं प्रेम होतं. मग माझ्या एका पायाकडे बघून त्यांनी विचारलं, "वहाण वढ्यात गेली?" मी हो म्हटल्यावर ते इतके खूष झाले की स्वतःच्या नव्या वहाणा त्यांनी मला काढून दिल्या.

चार दिवस राहिलो. गोदा सासरी गेली तेव्हा मी तिला वेशीपर्यंत पोचवलं, दांडी वगैरे काही आडवं न येता. परतीला निघालो तेव्हा रखमाजीच हजर होता. गावातून बाहेर जाणाऱ्याला दांडीपाशी मनाई नाही, हे चाँदखाँने मला सांगून ठेवलं होतं. सरळ गेलं तर चार कोस वाचत होते. गावाच्या चौकात बैल थांबले. रखमाजी माझ्याकडे वळला.

"मास्तर, कसं जायाचं?"

मी ट्रंकेला हात लावला. नकाशा आत होता. चार दिवसांपूर्वी चिखलात गाडी ढकलली ती आठवली, पायांतल्या व्याह्यांच्या वहाणा दिसल्या, आणि का कोण जाणे, मी गप्प बसलो. बैल आपले आपणच वळशाच्या रस्त्याला लागले. मी त्यांना अडवलं नाही. हे मी कोणाला समजावून सांगू शकत नाही, मलाच समजलेलं नाही.

नगरला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. टांगेवाल्याने नेहमीप्रमाणे पुढच्या दारी टांगा उभा केला आणि ट्रंक ओट्याच्या पायरीवर ठेवली. नाना सुपारी कातरत होते. त्यांचे केस मला जास्त पांढरे वाटले, का मी बऱ्याच दिवसांत बघितलेच नव्हते कोण जाणे. मी ट्रंक खांद्यावर घेतली आणि बोळाकडे वळलो. मग थांबलो, ट्रंक खाली ठेवली, ओट्यावर चढलो आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला. "तिकडून कोणी येत नाही. मागून या."

"अगं, मी आहे."

"मग तर मागूनच या. दाराला ज्वारीची कणगी लावलीये. अकरा वर्षं झाली."

अडकित्ता थांबला. मी वळून बघितलं नाही. मग नाना, जणू सुपारीलाच विचारत असावेत तसे, म्हणाले, "गोदा कशी दिसत होती?"

"पिवळ्या साडीत आक्कासारखी," मी दाराकडे तोंड करून म्हणालो. "तुम्हाला विचारत होती. का आला नाहीत म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मला आठवेना."

"मलाही." नाना उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू. "सरक बाजूला. तुला कधी दार ढकलता आलंय का?"

त्यांनी दाराला खांदा लावला. मीही लावला. आतून सौभाग्यवती ओरडत होत्या की कणगी फुटेल. दार कुरकुरलं, बोटभर हललं, आणि पुन्हा आपल्या जागी गेलं. आम्ही दोघे धापा टाकत ओट्यावर बसलो. नानांनी कातरलेली सुपारी माझ्यापुढे केली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"या वहाणा कोणाच्या?"

"लांब गोष्ट आहे," मी म्हणालो.

"मग चल, आत चहा घेत सांग."

ट्रंकेला दोन कड्या आहेत. एक नानांनी धरली, दुसरी मी धरली, आणि शिंप्याच्या दुकानावरून, तेल्याच्या घाण्याला वळसा घालून, बोळातून आम्ही दोघे मागच्या दाराने घरात आलो.